धरलेली जागा

१

सुमेधा जागा धरण्यात पटाईत होती. आइंडहोव्हनच्या मराठी मंडळात हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. गणपतीतलं नाटक असो की दिवाळीचं जेवण, ही बाई सगळ्यांच्या आधी पोचायची, मोक्याची जागा हेरायची, एका खुर्चीवर स्वतः बसायची आणि शेजारच्या खुर्चीवर आपली मोरपंखी शाल टाकायची. कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं. "सुदर्शन येतोय. गाडी लावतोय." इथल्या डच लोकांना हा प्रकार झेपत नाही. शाल दिसतेय, पण माणूस कुठाय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. आपल्याकडे मात्र रुमाल पडला की जागा झाली, त्यावर वाद नाही.

आता खरं सांगायचं तर सुदर्शन गाडी लावत नसायचा. तो कुठल्या तरी कोपऱ्यात फोन कानाला लावून, तैवानमधल्या कोणाला तरी मशीन का बंद पडलं ते समजावत असायचा. कॉम्प्युटरच्या चिपा बनवायच्या मशीनच्या कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता, आणि मशीनला काही रविवार नसतो. "दोन मिनिटं हं," म्हणून तो जायचा. नाटक संपायचं, पंगत उठायची, शाल आपली तशीच खुर्चीवर. गेल्या दिवाळीत तर मंडळातली उत्तरा म्हणाली, "अगं, त्या शालीलाच ताट वाढूया का?" सगळे हसले. सुमेधाही हसली, आणि घरी येऊन बाथरूमची कडी लावून रडली.

तिला दागिना नको होता, स्वित्झर्लंडही नको होतं. आपण धरलेल्या जागेवर नवऱ्यानं एकदा, फक्त एकदा, येऊन बसावं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढंच मागणं उरलं होतं, आणि तेसुद्धा पुरं होत नव्हतं.

२

मार्चमधल्या एका रविवारी मंडळाची सहल निघाली ती युद्धाच्या काळातलं रडार केंद्र बघायला. जंगलात जर्मनांनी बांधलेली काँक्रीटची अवाढव्य इमारत, आता तिचं संग्रहालय केलेलं. कल्पना सुदर्शनचीच. "रडार म्हणजे माझा जीव की प्राण. यावेळी मी येणार म्हणजे येणार," असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सुमेधानं पहाटे उठून तिखटामिठाच्या पुऱ्या केल्या. लेकीला, जुईला, मैत्रिणीकडे सोडलं. गाडीत सुदर्शन गाणी लावून होता, आणि सुमेधाला वाटलं, चला, आज जमतंय.

दारापाशी पोचले आणि त्याचा फोन वाजला.

"सुदर्शन, नाही हं," सुमेधा म्हणाली.

"दोन मिनिटं गं. आत नेटवर्क नसणार, भिंती बघ किती जाड आहेत. तू हो पुढे. जागा धर."

म्हणजे सांगायचं पण त्यानंच! सुमेधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मागे उत्तरा आणि तिचे सासरे श्यामकांत काका उभे होते. काका पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि चारचौघांत नवऱ्याशी भांडायचं म्हणजे त्यांच्यासमोर तमाशा. ती मुकाट्यानं आत गेली.

मुख्य खोली खाली खोल होती. पायऱ्यांसारख्या ओळी उतरत गेलेल्या, आणि समोर भिंतभर उंच काच. काचेवर या सगळ्या मुलखाचा नकाशा कोरलेला. मागच्या ओळींत नवीन बाकं होती, पण सगळ्यांत पुढे थोड्या जुन्या खुर्च्या ठेवल्या होत्या, लोखंडी पायांच्या. तिथून काच नीट दिसत होती. सुमेधा तडक तिकडे गेली. दोनच खुर्च्या मोकळ्या होत्या, पण त्यातल्या एकीवर जुनाट हेडफोन ठेवलेला.

कोणी तरी जागा धरली होती तर! सुमेधानं आजूबाजूला पाहिलं. कोणीच पुढे आलं नाही. "हेडफोन ठेवून जागा धरतात होय," ती स्वतःशीच म्हणाली. या खेळात तिला हरवणारा अजून जन्माला यायचा होता. तिनं हेडफोन उचलून खाली जमिनीवर ठेवला आणि खुर्चीवर शाल टाकली.

माहिती सांगणारी बाई हेंद्रिका नावाची होती. पांढरे केस, अंगात हिरवं स्वेटर, फुकट सेवा करणाऱ्या निवृत्त मंडळींपैकी. ती सगळ्यांना बसवत बसवत पुढे आली आणि त्या खुर्चीपाशी थांबली. तिनं आधी जमिनीवरच्या हेडफोनकडे पाहिलं, मग शालीकडे.

"इथे कोणी बसणार आहे का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"हो. माझे मिस्टर."

"ते येणार आहेत? नक्की?"

"शंभर टक्के," सुमेधा म्हणाली. किती वर्षांची सवय!

हेंद्रिकानं दाराकडे बघितलं. "मग त्यांनी लवकर यायला हवं," एवढं बोलून ती दिव्याच्या बटणांकडे गेली.

३

दिवे गेले. काचेमागून एकेक उजेडाचा ठिपका उमटायला लागला.

हेंद्रिका अंधारातून सांगत होती. प्रत्येक ठिपका म्हणजे आकाशातलं एक विमान. इथे तरुण मुली बसायच्या. कानात हेडफोन, त्यात रडारवरून आलेले आकडे, आणि हातात छोटा दिवा. आकडे ऐकायचे आणि काचेवर ठिपका पुढे सरकवायचा, बस. पाळी संपली तरी बदलीची मुलगी आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. जागा रिकामी ठेवायची नाही, हा इथला नियम.

"आणि बदलीवाली आलीच नाही तर?" मागून श्यामकांत काकांनी खणखणीत आवाजात विचारलं. टेलिफोन खात्यातला माणूस, त्यांना रात्रपाळ्या माहीत होत्या.

"तर बसून राहायचं," हेंद्रिका म्हणाली.

त्याच वेळी शेजारची खुर्ची करकरली. सुमेधाला शेजारी माणूस बसल्याचं कळलं. कळतं ना आपल्याला, न बघताही. हवा जरा हलते, हाताला ऊब लागते. आला एकदाचा! तिला आधी आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ इतक्या वर्षांचा साचलेला राग वर आला.

"आलास? उपकार झाले," ती समोर बघतच कुजबुजली. "कार्यक्रम संपल्यावरच यायचंस की. तुला काय, बायको आहेच जागा राखायला. लोक हसतात माझ्यावर, माहितीय तुला? शालीला ताट वाढू का म्हणतात. मी या देशात आले ती तुझ्यामागे आले. इथे माझं दुसरं कोण आहे? मी काय मागते रे? शेजारी बस एवढंच ना?"

 तो ऐकत होता. हे तिला नवीन होतं. सुदर्शन ऐकायचा म्हणजे एक कान मोबाइलवर, आणि मध्ये मध्ये "हं, हं." आज तो हूं की चूं न करता, श्वाससुद्धा न घेता ऐकत होता. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. तिनं हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवला.

बाही जाडीभरडी लोकरीची होती, आणि दमट. बोटं बारीक होती. तर्जनी खुर्चीच्या कडेवर हळूहळू टकटक करत होती, एकसारखी, मोजल्यासारखी. काचेवरचा एक ठिपका तिच्या तालावर सरकत होता.

सुमेधानं हात काढून घेतला. मान वळवावी असं फार वाटलं, पण मान वळेना. सुदर्शननं आज निळं जॅकेट घातलंय, ती मनाशी म्हणत राहिली, बाहेर पाऊस असेल, भिजलं असेल, दुसरं काही नाही.

दिवे लागले. शेजारी कोणीच नव्हतं. तिनं शाल भिरकावल्यासारखी टाकली होती. आता ती खुर्चीच्या मधोमध होती, कडेला कड जुळवून घडी केलेली. सुमेधानं उचलली तेव्हा ती खालून उबदार होती.

४

सुदर्शन बाहेर गाडीला टेकून उभा होता. पाऊसबिऊस काही नव्हता, लख्ख ऊन पडलं होतं.

"सॉरी गं. निघताच आलं नाही. काय काय दाखवलं?"

"तू आत आलाच नाहीस?"

"कसा येणार? बोलतोय काय मी मघापासून?"

पुऱ्यांचा डबा उघडला तेव्हा श्यामकांत काका इकडेतिकडे बघायला लागले. "सुमेधा, तुझ्या शेजारी बसलेली ती मुलगी कुठे गेली? तिलाही दे की एक पुरी. पोर अगदी ताठ बसली होती, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"बाबा, तुमचा चष्मा बदलायला झालाय," उत्तरा म्हणाली. "सुमेधाच्या शेजारी शाल असते." पुन्हा सगळे हसले. या वेळी सुमेधा हसली नाही.

निघताना हेंद्रिका दाराशी उभी होती, तो जुना हेडफोन छातीशी धरून.

"तुमचे मिस्टर आले?"

"नाही. कामात अडकले."

"पण तुम्ही सांगितलंत, येणार म्हणून."

सुमेधाला चीड आली. एका खुर्चीवरून एवढी उलटतपासणी! "पुढच्या वेळी येतील," असं काहीतरी तोडून बोलून ती गाडीत बसली. गाडी वळताना तिनं मागे पाहिलं, तर हेंद्रिका अजून उभी होती, आणि सुमेधाकडे नाही, मागच्या रिकाम्या सीटकडे बघत होती.

५

पुढचे काही आठवडे सुमेधा स्वतःशी वाद घालत राहिली.

कामासाठी ती रोज डेन बॉशला ट्रेननं जायची. सकाळी डबा ठासून भरलेला, लोक दारात चिकटून उभे, आणि तिच्या शेजारची सीट मोकळी. माणसं यायची, सीटकडे बघायची आणि उभी राहायची. मी परदेशी दिसते म्हणून असेल, असं तिनं ठरवलं. अपमान वाटला, पण निदान कारण तरी मिळालं. मग एके दिवशी एक म्हातारी पिशव्या सांभाळत तिथून सरकली, त्या मोकळ्या सीटकडे मान लववून "पार्डोन" म्हणाली आणि पुढे गेली. त्यानंतर सुमेधाला कारण सुचलं नाही.

घरी जेवणाच्या टेबलाशी सुदर्शनची खुर्ची होती. तो बसायचा सोफ्यावर, लॅपटॉपसमोर ताट घेऊन. रात्री सुमेधा ती खुर्ची आत सरकवून ठेवायची. सकाळी ती बाहेर ओढलेली असायची, आणि वर शालीची घडी.

"जुई, तू करतेस का हे?"

"नॉट मी, आई."

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे जावं, तर तो म्हणणार पॅरासिटामॉल घ्या आणि दोन आठवड्यांनी या. शेवटी तिनं सुदर्शनला सांगितलं. अगदी पहिल्यापासून, अंधारातली बाही, ती बोटं, ट्रेन, खुर्ची, सगळं.

"हं," सुदर्शन म्हणाला. "हं."

"तू ऐकतोयस का?"

"हो गं. खुर्ची."

तिला वाटलं, तो लॅपटॉप उचलावा आणि कालव्यात फेकून द्यावा. त्याहून वाईट म्हणजे, टेबलाच्या त्या बाजूनं कोणीतरी नीट ऐकून घेत होतं. तिला एकीकडे चीड येत होती, एकीकडे भीती वाटत होती, आणि मध्येच कुठेतरी, लाज वाटावी असं, बरंही वाटत होतं. तिनं शाल उचलली, मोठ्या बॅगेत कोंबली, कुलूप लावलं आणि बॅग कपाटावर टाकली.

६

जूनमध्ये जुईच्या शाळेची म्युझिकल होती, दुपारची. जुईला गाईचं काम होतं. दोन ओळी गायच्या आणि एकदा हंबरायचं. त्यासाठी तिनं महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. "पापा येणार?" एवढंच ती मराठीत विचारायची.

सुमेधानं या वेळी जागा धरायची नाही असं ठरवलं होतं. ती भिंतीलगत बसली, हातातली पर्स मांडीवर घेऊन. हॉल भरत आला. जुईचं काम बघायला उत्तराही आली, शेजारच्या खुर्चीपाशी थांबली, आणि म्हणाली, "बरं, मी मागे बसते."

"का गं? बस ना इथे."

"धरलीयस ना तू."

"नाही धरली!"

"मग ही कोणाची?" उत्तरानं बोट दाखवलं. खुर्चीवर मोरपंखी शाल होती, कडेला कड जुळवलेली. उत्तरा हसून मागे गेली.

आणि तेवढ्यात दारातून सुदर्शन आला. धापा टाकत, केस विस्कटलेले, सायकलचं हेल्मेट हातात. त्यानं फोन वर धरून तिला दाखवला. "बंद केलाय. बघ! मीटिंग सोडून आलो. आलो की नाही?"

नको बसू, म्हणायला हवं होतं. सुमेधाला ते कळत होतं, शब्द ओठांवर आले होते. पण तो खरंच आला होता. सगळ्यांसमोर, वेळेवर, तिच्यासाठी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात त्यानं शाल उचलून तिच्या हातात दिली आणि तो बसला.

दिवे मंद झाले. भिंतीच्या कडेनं कोणीतरी हलक्या पावलांनी गेलं. हॉलचं दार थोडं उघडलं, उन्हाची एक पट्टी आत आली, दार लागलं. सुदर्शननं तिचा हात हातात घेतला. सुमेधाचं मन भरून आलं. उगीच भीत होते मी, ती मनाशी म्हणाली, हेच तर हवं होतं.

जुई स्टेजवर आली, गायली, हंबरली. लोक हसले, टाळ्या वाजल्या. सुमेधानं वळून बघितलं. सुदर्शन जुईकडे बघत नव्हता. तो स्टेजच्या वर, काळ्या पडद्याकडे टक लावून बघत होता, आणि त्याची तर्जनी खुर्चीच्या कडेवर हळूहळू टकटक करत होती.

७

दिवे लागले, लोक उठले. कॉफी, केक, आरडाओरडा.

"चल," सुमेधा म्हणाली.

"थांब ना," सुदर्शन म्हणाला. आवाज नेहमीचा, शांत, फोनवर तैवानवाल्याला समजावतो तसा. "असं मध्येच उठता येत नाही गं. बदली येऊ दे."

"सुदर्शन, ऊठ!" तिनं त्याचा दंड धरून ओढलं. तो जागचा हलला नाही. दंड गार होता.  आयुष्यभर याला बसवायला धडपडले, आणि आता हा उठत नाही!

"पापा! यू केम!" जुई गाईचे कान सांभाळत खुर्च्यांमधून धावत येत होती. सुदर्शननं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला, सुटका दिसावी तसा. तो खुर्चीत जरा सरकला आणि शेजारची मोकळी कड हातानं थोपटली.

"ये गं बाळा. बस इथे."

सुमेधानं विचार केला नाही. ती मध्ये आली, जुईला एका हातानं मागे लोटलं आणि ओरडली, "मी आलेय! माझी पाळी. ऊठ तू!"

तो उठला. अगदी सहज, हलका होऊन. आणि ती बसली.

खुर्ची उबदार होती. हॉलमध्ये अंधार व्हायला लागला, निदान तिला तरी तसं दिसलं. समोर काळोखात दोन ठिपके उमटले, एक मोठा, एक छोटा. तिची तर्जनी आपोआप हलली.

"आई, यू पुश्ड मी," जुई रडवेली होऊन म्हणाली.

"काय झालं तुला?" सुदर्शन डोळे चोळत म्हणाला. "चल ना घरी. सगळे निघाले."

"असं उठता येत नाही," सुमेधाच्या तोंडून निघालं. मग तिनं जिवाच्या आकांतानं पुढचं सांगितलं. "जुईला उत्तराकडे सोड. आणि तू परत ये. तू एकटा ये, सुदर्शन. माझ्यापाशी ये. इथून मला कसं सोडवायचं ते आपण दोघं बघू. पण ये. नक्की ये."

"अगं हो, येतो की," त्यानं फोन काढला आणि चालू केला. "दोन मिनिटं. तू बस."

जुईचा हात धरून तो दाराकडे निघाला. ते दारापर्यंत पोचले नाहीत तोच त्याचा फोन वाजला.

सुमेधानं शाल शेजारच्या खुर्चीवर टाकली नाही. मांडीवरच घट्ट धरली, आणि ते दोन ठिपके लांब जाताना बघत बसली.